४० रुपयांचं अनुदान आणि सोलापूरचं वसतिगृह : हुशार पोरांचं शिक्षण ही सरकारचीच जबाबदारी, यासाठी बाबासाहेब कसे लढले?

सोलापूर म्हटलं की चादर, गिरण्या आणि शेंगाचटणी डोळ्यांसमोर येते. पण याच सोलापुरात ४ जानेवारी १९२५ ला एक वसतिगृह सुरू झालं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं. गोष्ट आहे ती हुशार मुलाच्या शिक्षणाचा खर्च कुणी करायचा याची. बाबासाहेबांना हा प्रश्न पुस्तकात वाचून कळला नव्हता.

१४ एप्रिल १८९१ चा त्यांचा जन्म. साताऱ्यात शिकले, मग मुंबईला आले. सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घ्यायची इच्छा होती, पण जातीमुळे तो वर्ग बंद. नाइलाजानं पर्शियन घेतलं. १९०७ ला मॅट्रिक झाले. पुढं कॉलेजचा खर्च वडिलांना झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेलं. महिना २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली आणि बाबासाहेब पदवीधर झाले. १९१३ ला महाराजांनीच त्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची आणि बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार.

मुदत संपली तेव्हा बाबासाहेब लंडनमध्ये पोहोचले होते. शिक्षण अर्धवट सोडून १९१७ ला परत यावं लागलं. येताना पुस्तकं ज्या जहाजानं पाठवली होती, ते पाणतीर लागून बुडालं. बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला कुणी घर देईना. १९२० ला पुन्हा लंडन गाठलं ते स्वतः साठवलेले पैसे, मित्राकडून घेतलेले उसने पैसे आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोरावर.

आता विचार करा. केळुसकर गुरुजी भेटले, सयाजीराव भेटले, शाहू महाराज भेटले. यातला एक जरी भेटला नसता तर? आणि ज्यांना कुणीच भेटलं नाही अशी पोरं किती असतील?

सोलापूरचं वसतिगृह अशाच पोरांसाठी होतं. तेव्हा हायस्कूल असायचं शहरात. खेड्यातला अस्पृश्य समाजातला मुलगा कितीही हुशार असला तरी शहरात त्याला खोली कोण देणार? वसतिगृहात हायस्कूलच्या मुलांचं राहणं, जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं, सगळा भार सभेनं उचलला. व्यवस्था सोलापूरचे कार्यकर्ते जिवप्पा ऐदाळे बघायचे. सोलापूर नगरपालिकेनं ४० रुपयांचं अनुदान मंजूर केलं. मुलांनी तर सरस्वती विलास नावाचं मासिकही सुरू केलं.

रक्कम लहान वाटेल, पण ती देणगी नव्हती. सार्वजनिक तिजोरीतून आलेला पैसा होता. बाबासाहेबांची पुढची सगळी लढाई याच मुद्द्यावर झाली.

१९२७ ला ते मुंबई कायदेमंडळात नेमलेले सदस्य म्हणून दाखल झाले आणि मार्चमध्येच शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले. त्यांनी आकडेच मांडले. सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त गोळा करतं. निदान लोकांकडून जेवढं घेता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी. दुसरा आकडा गळतीचा होता. प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचत होती फक्त १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर. त्या ८२ मध्ये हुशार किती होती, हे कळायची सोयच नव्हती.

पुढच्या वर्षी सायमन कमिशनपुढं त्यांनी थेट कायद्यावर बोट ठेवलं. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळा स्थानिक मंडळांच्या हाती दिल्या होत्या. सक्तीच्या शिक्षणाची सोय त्यात होती, पण गावची मंडळं ज्यांच्या ताब्यात, ते अस्पृश्यांच्या पोरांना वर्गात बसू देतील का? म्हणून असं हस्तांतर थांबवा, असं त्यांचं म्हणणं. शिवाय कॉलेजच्या पातळीवर अस्पृश्य विद्यार्थ्यांची संख्या जवळपास शून्य आहे, हेही त्यांनी दाखवून दिलं. कायदा कागदावर चांगला असून भागत नाही, तो राबवणारा कोण हेही बघावं लागतं, हे त्यांच्याइतकं स्पष्ट तेव्हा फार थोडे जण मांडत होते.

१९२८ ला सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट कमिटी नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहं वाढवायच्या शिफारशी आल्या.

जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर नगरपालिकेनं बाबासाहेबांना मानपत्र दिलं. वसतिगृहाला पैसे देणारी नगरपालिका हीच.

१९४२ ला ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि लगेच सरकारला एक लांबलचक निवेदन दिलं. सगळ्यांना प्राथमिक शिक्षण मिळायलाच हवं, पण तेवढ्यावर समाज वर येत नाही. त्यातली हुशार मुलं विज्ञान-तंत्रज्ञान शिकून, परदेशात जाऊन मोक्याच्या जागांवर पोहोचली पाहिजेत, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावर काहींचा आक्षेप असतो की, मूठभरांवर खर्च का? पण बाबासाहेबांनी कधीच एक सोडून दुसरं मागितलं नाही. १९२७ ला चौथीच्या गळतीवर भांडलेला माणूसच १९४२ ला परदेशी शिष्यवृत्त्या मागत होता.

१९४४ ला सरकारनं अनुसूचित जातींच्या मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद केली. आज सोलापुरातली एखादी कॉलेजची पोरगी महाडीबीटीवर भारत सरकार शिष्यवृत्तीचा फॉर्म भरते, ती योजना तेव्हा सुरू झालेली आहे.