पेटंट-वकील चेस्टर कार्लसन

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये काय किंवा पुण्यात काय, कागदाची प्रत हवी असली की लोक झेरॉक्सचे दुकान शोधतात. या यंत्रामागची कल्पना चेस्टर कार्लसन या अमेरिकन गृहस्थांची.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी सिअ‍ॅटल येथे झाला. आईवडील दोघेही क्षयाने ग्रासलेले. त्यामुळे शाळकरी वयातच घर चालविण्याचा भार चेस्टरवर पडला. मिळेल ते काम करीत शिकून १९३० मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी मिळविली. न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत ते संशोधन अभियंता झाले. पण त्या साचेबद्ध कामात त्यांचे मन रमेना. वर्षभरातच त्यांनी तेथील पेटंट विभागात बदली मागून घेतली.

पेटंट म्हणजे नव्या शोधावर संशोधकाला ठरावीक मुदतीपुरता मिळणारा कायदेशीर हक्क. त्यासाठी शोधाचे बारकाईने वर्णन व आकृत्या सरकारला सादर कराव्या लागतात. हे लिहिणाऱ्याला यंत्रही कळावे लागते आणि कायदाही. १९३३ मध्ये मंदीच्या लाटेत कार्लसन यांची नोकरी गेली. पुढे मॅलरी कंपनीच्या पेटंट विभागात काम करीत असताना त्यांनी १९३६ पासून रात्रीच्या विधी महाविद्यालयात शिक्षण सुरू केले. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ग्रंथालयात बसून ते पानेच्या पाने हाताने उतरवीत. दृष्टी अधू, त्यात मणक्याचा संधिवात! कचेरीतही प्रतींची सदा टंचाई असे. पुन्हा टंकलिखित करा, नाहीतर महागडे छायाचित्र काढा, एवढेच मार्ग होते.

प्रकाश आणि स्थिर विद्युत यांच्या साहाय्याने कोरडी प्रत काढण्याची कल्पना त्यांना सुचली. प्रयोग यशस्वी होण्याआधीच, १९३७ मध्ये, त्यांनी पेटंटचा प्राथमिक अर्ज केला. यात त्यांच्यातला कायदेपंडित दिसतो. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरियातील एका खोलीत, ओटो कोर्नेई या साहाय्यकासह, त्यांनी गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून मेणकागदावर पहिली प्रत उतरविली. १९३९ मध्ये त्यांना कायद्याची पदवी मिळाली. १९४२ मध्ये मूळ पद्धतीचे पेटंटही मिळाले. पण वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना विन्मुख पाठविले. १९४४ मध्ये बॅटेल संस्थेने व नंतर हॅलॉइड कंपनीने हात दिला. ही हॅलॉइडच पुढे झेरॉक्स झाली.

१९५९ मध्ये ‘९१४’ हे यंत्र बाजारात आले आणि कार्लसन यांच्याकडे अमाप संपत्ती आली. तिचा मोठा भाग त्यांनी दान केला, तोही बहुतेकदा नाव न सांगता. १९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.