डोंगरवाटांचा हिशेबनीस : आल्फ्रेड वेनराइट

आपल्यापैकी बहुतेकांची नोकरी बैठी. सकाळी डबा घेऊन निघायचे, दिवसभर खुर्चीत बसायचे आणि संध्याकाळी दमूनभागून घरी यायचे. चाळिशी उलटली की डॉक्टर 'चालत जा' म्हणून सांगतात. मग १ जानेवारीला आपण मोठ्या उत्साहाने संकल्प सोडतो, नवे बूट आणतो आणि फेब्रुवारी सरायच्या आत ते बूट पुन्हा कपाटात जाऊन बसतात. इंग्लंडमधील एका नगरपालिकेच्या हिशेबनिसाने मात्र वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी डोंगर चढण्याचा संकल्प केला आणि तो सलग तेरा वर्षे पाळला. त्यांचे नाव आल्फ्रेड वेनराइट. त्या देशात डोंगर भटकणाऱ्यांच्या पाठपिशवीत आजही त्यांची पुस्तके सापडतात.

वेनराइट यांचा जन्म १७ जानेवारी १९०७ रोजी लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न येथे झाला. हे गाव कापडगिरण्यांचे. जिकडे पाहावे तिकडे धुराडी आणि काजळी. वडील पाथरवट होते, पण दारूच्या नादामुळे घरात पैसा टिकत नसे. आई लोकांचे कपडे धुऊन चार मुलांचा संसार ओढत असे. आल्फ्रेड हे सर्वांत धाकटे. शाळेत हुशार असूनही तेराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली आणि ते नगरपालिकेच्या अभियंता खात्यात हरकाम्या पोऱ्या म्हणून लागले. पुढे ते हिशेब खात्यात गेले. दिवसा नोकरी आणि रात्रशाळेत अभ्यास असे कित्येक वर्षे करून त्यांनी हिशेबनिसाची परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. टापटीप हस्ताक्षर, अचूक बेरजा आणि हाती घेतलेले काम पुरे करण्याची सवय ही त्यांची शिदोरी होती. पुढे डोंगरातही तीच कामी आली.

१९३० साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी, आठवडाभराची सुट्टी काढून ते आपल्या एका आतेमामे भावंडाबरोबर लेक डिस्ट्रिक्ट या तळ्याडोंगरांच्या प्रदेशात गेले. विंडरमियर येथे उतरून दोघे गावालगतच्या ऑरेस्ट हेड या टेकडीवर चढले. टेकडी जेमतेम पावणेआठशे फुटांची. पण माथ्यावर पोहोचताच समोर पसरलेले लांबच लांब तळे आणि त्यामागच्या डोंगरांच्या रांगा पाहून हा गिरणगावचा तरुण अवाक झाला. ज्याने जन्मभर धुराडीच पाहिली, त्याला हे दृश्य म्हणजे दुसरे जगच वाटले असणार. त्या दिवसापासून हे डोंगर त्यांच्या मनातून कधी गेले नाहीत.

पुढच्याच वर्षी त्यांचे लग्न रूथ होल्डन यांच्याशी झाले आणि १९३३ मध्ये मुलगा झाला. संसार सुरू झाला, पण पतिपत्नींची मने जुळली नाहीत. वेनराइट मुळातच अबोल. रिकामा वेळ मिळाला की नकाशे पुढ्यात घेऊन बसायचे आणि सुट्टी मिळाली की एकट्याने चालायला निघायचे. १९३८ मध्ये युरोपवर युद्धाचे ढग जमले असताना ते पेनाइन डोंगररांगेतून एकटेच पायी फिरून आले.

१९४१ मध्ये त्यांनी एक निर्णय घेतला. नोकरीसाठी दूर येऊन स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांना तो विशेष वाटेल. आपण गाव सोडतो ते बहुधा चार पैसे जास्त मिळावेत म्हणून. वेनराइट यांनी कमी पगार पत्करून गाव सोडले! लेक डिस्ट्रिक्टच्या उंबरठ्यावरील केंडल या गावी नगरपालिकेच्या हिशेब खात्यात जागा निघाली होती. पद खालचे, पगार कमी, पण डोंगर हाकेच्या अंतरावर. तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. पुढे १९४८ मध्ये ते तिथेच मुख्य कोषाधिकारी झाले आणि १९६७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच पदावर राहिले.

केंडलला आल्यावर दहाअकरा वर्षे त्यांनी मनसोक्त भटकंती केली. मग त्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला. नुसते भटकून भागणार नाही, सगळ्याची नीट नोंद व्हायला हवी, असे त्यांनी ठरवले. ९ नोव्हेंबर १९५२ रोजी रात्री त्यांनी पहिले पान लिहायला घेतले. लेक डिस्ट्रिक्टमधील प्रत्येक डोंगर सर्व वाटांनी स्वतः चढायचा, वाटेची, खुणांची, माथ्यावरून दिसणाऱ्या देखाव्याची रेखाटने करायची आणि सात भागांत मार्गदर्शक पुस्तके तयार करायची, अशी योजना होती. डोंगर भरले २१४. त्यांत इंग्लंडचे सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक आहे, तशा हजार फुटांच्या आतबाहेरच्या टेकड्याही आहेत. या कामाला तेरा वर्षे लागतील, असा अंदाज त्यांनी आधीच बांधला होता.

यासाठी त्यांनी नोकरीत एक दिवसही कसूर केली नाही. मोटार त्यांना चालवता येत नव्हती. सुट्टीच्या दिवशी सकाळची बस पकडायची, जिथे बस थांबेल तिथून चालायला सुरुवात करायची, दिवसभर डोंगर चढायचा आणि संध्याकाळच्या बसने परतायचे, असा त्यांचा परिपाठ. अंगात साधाच लोकरी कोट आणि तोंडात पाइप. आठवड्यातील बाकीच्या संध्याकाळी घरी टेबलाशी बसून काढलेल्या छायाचित्रांवरून शाईने चित्रे काढायची आणि मजकूर लिहायचा. छपाईचे खिळे नाहीत की टंकलेखन नाही, प्रत्येक पान अथपासून इतिपर्यंत हातानेच लिहिलेले. सुरुवातीची सुमारे शंभर पाने तयार झाल्यावर ओळींची उजवी कड एका रेषेत येत नाही, हे त्यांना खटकू लागले. झाले! ती सगळी पाने बाजूला ठेवून त्यांनी नव्याने सुरुवात केली.

पहिला भाग १९५५ मध्ये निघाला. छपाईचा खर्च सुमारे ९५० पौंड आणि गाठीला होते अवघे ३५ पौंड. केंडलच्या छापखानदाराने विश्वास टाकला आणि पुस्तके खपतील तसे पैसे घेण्याचे मान्य केले. पुस्तके खपली, कर्ज फिटले आणि पुढचे भाग निघत गेले. सातवा व शेवटचा भाग १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे काम ठरल्या मुदतीच्या एक आठवडा आधीच पूर्ण झाले होते. तेरा वर्षांच्या अंदाजपत्रकात अवघ्या आठवड्याची तफावत, आणि तीही शिलकीची बाजू दाखवणारी!

मात्र या जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहायला हवी. डोंगरांनी वेनराइट यांना आरोग्य दिले, आनंद दिला, पुढे कीर्तीही दिली. घराच्या वाट्याला मात्र ते फारसे आले नाहीत. सुट्टीचा दिवस डोंगरात आणि संध्याकाळ कागदावर गेल्यावर पत्नीशी आणि मुलाशी बोलायला वेळ तो किती उरणार? ते निवृत्त होण्याच्या सुमारास रूथ घर सोडून गेल्या. घटस्फोटानंतर १९७० मध्ये वेनराइट यांनी बेटी मॅकनॅली यांच्याशी विवाह केला. बेटी मोटार चालवत, डोंगरातही बरोबर येत. उतारवयात का होईना, त्यांना वाटेवर सोबत मिळाली.

निवृत्तीनंतरही पाय थांबले नाहीत. १९७३ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील सेंट बीज गावापासून पूर्व किनाऱ्यावरील रॉबिन हूड्स बे गावापर्यंत सुमारे १९० मैलांच्या पायवाटेचे पुस्तक लिहिले. आज देशोदेशीचे लोक ती वाट चालायला जातात. पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या, तरी त्यांची राहणी साधीच राहिली. मिळकतीचा मोठा वाटा त्यांनी केंडलजवळच्या अनाथ प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी दिला. ऐंशीच्या दशकात बीबीसी दूरचित्रवाणीने त्यांना घराघरांत पोहोचवले, पण तोवर त्यांची दृष्टी मंदावली होती. ज्या डोळ्यांनी एकेक दगड टिपला, त्यांना अखेरीस पायाखालची वाटही धड दिसेना.

२० जानेवारी १९९१ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे हेस्टॅक्स डोंगरावरील इनॉमिनेट टार्न या तळ्याकाठी त्यांची रक्षा विखुरण्यात आली. त्या नावाचा अर्थच 'बिननावाचे तळे'. हेस्टॅक्स दोन हजार फुटांचाही नाही. उंचीच्या यादीत तो बराच खाली येतो, पण वेनराइट यांचा तो सर्वांत लाडका. आता ते २१४ डोंगर 'वेनराइट' याच नावाने ओळखले जातात आणि ते सगळे एकेक करून चढणे हा तिथल्या हजारो सामान्य माणसांचा आवडता संकल्प झाला आहे.

आठवड्याला किमान १५० मिनिटे तरी दमदार चालावे, असे आज जागतिक आरोग्य संघटना सांगते. सांगणे सोपे, टिकवणे अवघड. वेनराइट यांचा संकल्प टिकला, कारण तो मोघम नव्हता. डोंगर मोजलेले, मुदत ठरलेली, बसने जाता येईल इतके अंतर आणि दर वेळची लेखी नोंद. आपण जिथे स्थायिक झालो, त्या शहराच्या आसपासही एखादी टेकडी, एखादा जुना किल्ला किंवा रानातली वाट असतेच. अशा दहाबारा जागांची यादी वहीत करून महिन्याला एक जागा पायाखाली घालायला काय हरकत आहे? फक्त वेनराइट यांच्या वहीत जो रकाना बरीच वर्षे कोरा राहिला, तो आपण आधी भरू या. निघताना घरातल्यांना आणि शेजारच्या सहकाऱ्यालाही हाक मारू या.