सूर्याच्या वादळांचा हिशेबनीस

१८५९ सालच्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावर प्रचंड वादळ उठले आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मुंबईत, एका पारशी कुटुंबात, नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. या दोन घटनांचा काही संबंध आहे, असे तेव्हा कुणी म्हटले असते तर लोक हसले असते. पण सूर्याच्या लहरींचा हिशेब ठेवणे हेच या मुलाचे आयुष्य होणार होते.

ते वादळ साधे नव्हते. युरोप-अमेरिकेत तारखात्याच्या माणसांना यंत्रातून झटके बसले. कुठे बॅटरी काढून ठेवल्यावरही तारा चालू राहिल्या. सूर्य कधी कधी विद्युत्भारित वायूचे लोट फेकतो. ते पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळले की इथल्या चुंबकसूच्या थरथरू लागतात. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत त्या दिवशी माणसे डोळ्यांनी सूची पाहून आकडे लिहीत होती. क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले. एरवी मोठ्या म्हणवणाऱ्या वादळात ही घसरण काहीशेच भरते.

मूस एडिंबरोला शिकले, एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १८९६ साली कुलाबा वेधशाळेचे संचालक. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. हवामानाच्या नोंदी, अचूक वेळ, भूकंपमापक असा त्यांचा रोजचा व्याप होता. किल्लारीनंतर भूकंपमापक हा शब्द आपल्या लातूर-नांदेडकडे पोराटोरांच्या तोंडी झाला. मूस यांच्या वेधशाळेत ते यंत्र एकोणिसावे शतक संपता संपताच आले होते. परंतु त्यांचा जीव गुंतला होता तो चुंबकसूचीत. १८४६ पासूनच्या नोंदींची सलग वही त्यांच्या हाती आली होती.

आणि तिच्यावरच संकट आले. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम धावणार असे ठरले. रुळांतून जमिनीत झिरपणारा विजेचा प्रवाह सूचीला हलवतो. मग सूर्य हलवतो आहे की ट्राम, हे कळणार कसे? शहराला ट्राम तर हवीच होती. मूस यांनी हट्ट न धरता वाट काढली. मुंबईच्या दक्षिणेला, खाडीपलीकडे अलिबागला लोखंडाचा अंश नसलेल्या पोरबंदरी दगडाची नवी वेधशाळा उभी राहिली.

मात्र जुने बंद करून नवे सुरू करणे त्यांना मान्य नव्हते. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. आमच्या बँकेत शाखा हलवायची झाली तर दोन्हीकडची शिल्लक जुळल्याशिवाय जुनी खतावणी कुणी मिटत नसे. मूस यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाचे खाते तसेच जुळवून घेतले. कुलाबा आणि अलिबाग यांच्या आकड्यांतला फरक नेमका कळला आणि साखळी तुटली नाही. मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. १९०७ साली विजेची ट्राम धावू लागली.

१९१० साली त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केल्या. केवळ आकडे मांडून ते थांबले नाहीत. अनेक वादळे एकत्र ठेवून, प्रत्येकाच्या सुरुवातीपासूनचे तास मोजून, बल आधी कसे चढते, मग कसे कोसळते आणि पुढे किती सावकाश सावरते, हे त्यांनी दाखवले. पुढे सिडनी चॅपमनसारख्या पाश्चात्य शास्त्रज्ञांनी ही वाट आणखी रुंद केली. मूस १९१९ साली निवृत्त झाले आणि १८ फेब्रुवारी १९३६ रोजी निवर्तले.

त्यांच्या चिकाटीचे मोल आता कळते. २००३ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या त्याच नोंदींवरून १८५९ चे वादळ किती भयंकर होते याचा अंदाज बांधला. १९८९ च्या मार्चमध्ये त्याहून पुष्कळ लहान वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांना नऊ तास अंधारात ठेवले होते. आज जळकोटसारख्या डोंगराळ तालुक्यातही वीज, मोबाइल आणि बँकेचे व्यवहार यांवाचून दिवस जात नाही. म्हणून १८५९ पुन्हा आले तर काय, हा प्रश्न आपल्याही घरचा आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात निघालेले आपले आदित्य एल-१ यान आता १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे. पण सूर्याने टाकलेला घाव पृथ्वीवर किती खोल उतरला, ते शेवटी जमिनीवरच मोजावे लागते. २०२४ च्या मे महिन्यात लडाखच्या आकाशात तांबूस प्रकाश उजळला, तेव्हाही अलिबागच्या वेधशाळेत वादळाची रेघ उमटतच होती. त्या रेघेचे दुसरे टोक कुलाब्यात आहे. मधली गाठ मूस यांनी मारली आहे.