एव्हरेस्टची उंची काढण्याचं गणित ज्यांनी सोडवलं, त्या राधानाथ सिकदारांची गोष्ट

दहावीच्या त्रिकोणमितीत एक गणित हमखास असतं. झाडापासून अमुक मीटरवर उभं राहून शेंड्याकडे पाहिलं की उन्नत कोन ६० अंशांचा होतो, तर झाडाची उंची काढा. टॅन ६० गुणिले अंतर, विषय संपला.

आता झाडाच्या जागी हिमालयाचं शिखर ठेवा. नेपाळ इंग्रजांना आत येऊ देत नाही, म्हणजे पायथा गाठणं बादच. मोजायचं ते १७० किलोमीटरहून लांबून. हे गणित ज्यांच्याकडे आलं, ते राधानाथ सिकदार.

जन्म १८१३ चा, कलकत्त्यातल्या जोरासांकोचा. हिंदू कॉलेजात गणितात तरबेज झालेला हा मुलगा १८३१ मध्ये ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेमध्ये नोकरीला लागला. पदाचं नाव होतं कॉम्प्युटर. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. त्यांचे साहेब जॉर्ज एव्हरेस्ट त्यांच्यावर इतके खूश होते की त्यांना दुसऱ्या खात्यात जाऊ द्यायलाच तयार नव्हते.

पण सिकदार फक्त आकड्यांत रमणारे नव्हते. १८४३ मध्ये डेहराडूनला एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने खात्याच्या मजुरांना फुकटात सामान वाहायला लावलं. सिकदारांनी ते सामानच अडवून ठेवलं. प्रकरण कोर्टात गेलं, त्यांना २०० रुपये दंड झाला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

पुढे शिखर क्रमांक १५ आलं. १८४९-५० मध्ये सहा ठिकाणांहून थिओडोलाइटने त्याचे कोन मोजले गेले. इतक्या लांबून उन्नत कोन भरतो जेमतेम दोन अंशांच्या आसपास. त्यात अंशाच्या दहाव्या भागाची चूक झाली तरी उंची ३०० मीटरने हुकते. शिवाय पृथ्वी गोल, त्यामुळे डोंगराचा दोन किलोमीटरहून जास्त भाग नजरेआड. वर हवेत प्रकाश वाकतो, म्हणून शिखर आहे त्यापेक्षा उंच दिसतं. हे सगळं दुरुस्त करत, सहाही ठिकाणांचे हिशोब ताडून पाहत आकडेमोड झाली. कॅल्क्युलेटर नाही, फक्त लॉगॅरिथमची कोष्टकं.

१८५२ मध्ये सिकदार धावतच साहेबांच्या खोलीत शिरले आणि जगातलं सर्वांत उंच शिखर सापडल्याचं सांगितलं, असा किस्सा सगळीकडे फिरतो. फिल्मी आहे, पण तेव्हा सिकदार कलकत्त्यात होते आणि साहेब अँड्र्यू वॉ डेहराडूनला. हे काम पूर्णपणे एकट्याचं नव्हतं हेही खरं, पण मुख्य कॉम्प्युटर तेच होते.

१८५६ मध्ये उंची जाहीर झाली, २९,००२ फूट, म्हणजे ८,८४० मीटर. २०२० चा आकडा ८,८४८.८६ मीटर आहे. फरक फक्त ९ मीटरचा!

१८६५ मध्ये शिखराला नाव मिळालं एव्हरेस्टचं. १८७० मध्ये सिकदार गेले. १८५१ च्या सर्व्हेच्या मॅन्युअलमधले अवघड गणिती भाग त्यांनी लिहिले होते, तसा उल्लेखही प्रस्तावनेत होता. १८७५ च्या आवृत्तीत तो उल्लेखच गायब झाला. त्यावर आवाज उठवला तो फ्रेंड ऑफ इंडिया या इंग्रजांच्याच वृत्तपत्राने. भारतीय टपाल खात्याने सिकदारांचं तिकीट काढलं २००४ मध्ये.