सहा मतांनी निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष: गुस्ताव हाइनेमान

जर्मन नागरिकत्वाची परीक्षा ज्यांनी दिली आहे त्यांना तो ३१० प्रश्नांचा संच चांगलाच आठवत असेल. त्यात एक प्रश्न असतो, राष्ट्राध्यक्षाची निवड कोण करतं? उत्तर: बुंडेसफरझामलुंग, म्हणजे संघीय सभा. आपण पाठ करतो, खूण करतो आणि विसरून जातो. पण मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर. एखादी सिस्टीम दिसली की आत लॉजिक काय आहे हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ते बघता बघता मी एका माणसापाशी येऊन अडकलो, आणि मंडळी, आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

आधी लॉजिक थोडक्यात. आपल्याकडे राष्ट्रपती निवडताना खासदार आणि आमदार स्वतः मत देतात आणि राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे मताचं वजन ठरतं. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५ चं, तर सिक्कीमच्या आमदाराचं ७ चं! जर्मनीत प्रत्येक मत एकाच वजनाचं. संघीय सभेत अर्धे लोक बुंडेसटागचे खासदार. उरलेले तेवढेच निर्वाचक राज्यांचे. कुठल्या राज्याला किती जागा हे लोकसंख्येवरून ठरतं. गंमत पुढेच आहे. राज्याचं विधिमंडळ, म्हणजे लांडटाग, हे निर्वाचक पक्षांच्या बळाच्या प्रमाणात निवडतं आणि ते आमदारच असायला हवेत असं अजिबात नाही. २०१७ साली फुटबॉल प्रशिक्षक योआखिम ल्योव्हसुद्धा असे निर्वाचक होते. अमेरिकेत मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो जिंकला त्यालाच त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. इथे तसं नाही. लांडटागमध्ये छोटा पक्ष असेल तर त्यालाही त्याचा वाटा मिळतो. हे न्याय्यच आहे, पण १९६९ साली याच न्यायाने अनेकांची झोप उडवली होती.

गुस्ताव हाइनेमान यांचा जन्म २३ जुलै १८९९ चा, श्वेल्म गावातला. वडील एसेनच्या क्रुप कारखान्यात नोकरीला. आईच्या माहेरी १८४८ च्या फसलेल्या क्रांतीचा मोठा अभिमान, तो नातवापर्यंत झिरपला. हाइनेमाननी दोन डॉक्टरेट मिळवल्या, त्यातली एक कायद्याची, आणि एसेनमधल्या एका पोलाद कंपनीत कायद्याचं काम पाहू लागले. १९२६ साली हिल्डा ओर्डेमान यांच्याशी लग्न झालं. हिल्डा धर्मशास्त्र शिकलेल्या. नवरा तोवर चर्चपासून चार हात लांबच होता, तो त्यांच्यामुळे तिकडे वळला.

हिटलरच्या काळात प्रॉटेस्टंट चर्चमधला एक गट सरकारी हुकमांपुढे मान तुकवायला तयार नव्हता. हाइनेमान त्या गटात होते. त्यांची पत्रकं हाइनेमानांच्या घराच्या तळघरात छापली जात. पण त्याच वर्षांत ते पोलाद कंपनीच्या संचालक मंडळावरही होते. म्हणून त्यांना वीरपुरुष करून टाकायला मी धजावत नाही. पण तळघरातलं ते छपाईयंत्र जिवावर बेतू शकलं असतं, हेही तितकंच खरं.

युद्ध संपल्यावर सीडीयू पक्षाची उभारणी करणाऱ्यांत ते होते. १९४६ ते १९४९ एसेनचे महापौर, आणि १९४९ साली आडेनाउअर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात गृहमंत्री. आता करिअर सेट झालं म्हणायचं! पण १९५० च्या उन्हाळ्यात आडेनाउअरनी मंत्रिमंडळाला न विचारता अमेरिकेला जर्मन सैनिक देऊ केले. हाइनेमान यांना हे पटलं नाही. युद्धाची राख अजून निवली नाही तोच पुन्हा बंदूक हातात घेतली तर देशाची फाळणी कायमची होईल, असं त्यांचं मत होतं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९५२ साली स्वतःचा पक्ष काढला, त्याला १९५३ च्या निवडणुकीत जेमतेम १.२ टक्के मतं पडली. शेवटी १९५७ साली पक्ष गुंडाळून ते एसपीडीत गेले. जर्मनीची फाळणी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टळली असती का, यावर इथले इतिहासकार अजून भांडतात. मला तरी ती शक्यता धूसर वाटते.

१९६६ साली महायुतीचं सरकार आलं आणि ते कायदामंत्री झाले. एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थी नेता रुडी डुचके याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, देशभर दंगे उसळले. हाइनेमान टीव्हीवर बोलले ते दोन्ही बाजूंना झोंबणारं. दुसऱ्याकडे एक बोट दाखवताना तीन बोटं आपल्याकडे वळतात, हे त्यांनी लोकांना सांगितलं. आपल्या आज्या हेच सांगायच्या की!

आणि मग ५ मार्च १९६९. संघीय सभा पश्चिम बर्लिनमध्ये भरली. पूर्व जर्मनीने निर्वाचकांना रस्त्याने यायला बंदी केली होती, म्हणून सगळे विमानाने आले. एकूण १०३६ निर्वाचक, बहुमताला ५१९ हवेत. समोर सीडीयूचे गेरहार्ड श्रोडर. (हे पुढे चान्सलर झालेले श्रोडर नव्हेत, नाव तेवढं तेच!) आता ते लॉजिक आठवा. अतिउजव्या एनपीडीचा बुंडेसटागमध्ये एकही खासदार नव्हता. पण सात राज्यांच्या विधिमंडळांत ते शिरले होते, त्या हिशोबाने त्यांचे २२ निर्वाचक सभेत बसले आणि त्यांनी श्रोडरना पाठिंबा जाहीर केला. नाझी राजवट संपून पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती. त्यांच्या मतांवर राष्ट्राध्यक्ष ठरणार का, हा प्रश्न सभागृहात प्रत्येकाच्या डोक्यात असणार.

दुसरीकडे विरोधी बाकांवरच्या एफडीपीने आदल्या संध्याकाळी बैठक घेऊन हाइनेमानना मत द्यायचं ठरवलं. २००७ साली प्रतिभाताई पाटील यांच्या वेळी शिवसेनेने आपली आघाडी सोडून मराठी उमेदवाराला मत दिलं होतं, तसाच काहीसा प्रकार. पण मतदान गुप्त, चर्चा होत नाही. पहिल्या फेरीत ५१४ विरुद्ध ५०१. दुसरीत ५११ विरुद्ध ५०७. म्हणजे गळती सुरू! तिसऱ्या फेरीत बहुमताची अट नसते, ज्याला जास्त मतं तो जिंकला. ५१२ विरुद्ध ५०६. सहा मतांनी एसपीडीला पहिला राष्ट्राध्यक्ष मिळाला. त्याच पक्षांच्या जुळणीतून ऑक्टोबरमध्ये विली ब्रांट चान्सलर झाले.

पदावर गेल्यावर त्यांनी नववर्षाच्या स्वागत समारंभाला साध्यासुध्या नागरिकांना बोलावणं सुरू केलं. देशावर प्रेम आहे का असं विचारल्यावर, आपण राज्यांवर नव्हे तर बायकोवर प्रेम करतो, अशा अर्थाचं उत्तर देऊन ते मोकळे झाले. नोव्हेंबर १९६९ मध्ये ते हॉलंडला गेले. युद्धकाळात जर्मनांनी पाच वर्षं तुडवलेल्या त्या देशात राष्ट्राध्यक्षाने पाय ठेवणं सोपं नव्हतं. १९७४ साली दुसरी टर्म त्यांनी स्वतःहून नाकारली. ७ जुलै १९७६ रोजी एसेनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची नात क्रिस्टिना हिने योहानेस राउ यांच्याशी लग्न केलं. १९९९ साली राउ राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा त्यांच्या विरोधात पीडीएसची उमेदवार होती हाइनेमानांची थोरली मुलगी उटा, म्हणजे क्रिस्टिनाची सख्खी मावशी. निवडून राउ आले.