रविवारचा पंच

आजचं वाचन: मार्क २:२३-२८

रविवारी पळायचं नाही म्हणून एरिक लिडेलने १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर शर्यत सोडली. (४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, ते वेगळं!) संडे स्कूलमध्ये मी मुलांना एवढाच एरिक सांगत आले. वेइशियनचा सांगायला मात्र कचरायचे.

चीनमध्ये मिशनरी असताना १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला वेइशियनच्या छावणीत कोंडलं. तिथे तो मुलांना विज्ञान शिकवायचा, खेळ घ्यायचा, मोडक्या हॉकी स्टिक दुरुस्त करायचा. रविवारी मात्र खेळ बंद. एकदा मुलं रविवारी स्वतःच हॉकी खेळली. पंच नाही, त्यामुळे मारामारी झाली. पुढच्या रविवारी एरिक स्वतः पंच म्हणून मैदानात उतरला.

२१ फेब्रुवारी १९४५ ला, सुटकेच्या सहा महिने आधी, मेंदूतल्या गाठीने तो छावणीतच गेला. वय ४३.

या रविवारी मुलांना हाही एरिक सांगणार आहे.