पत्रकाराजवळ काय मागावे ?
वर्तमानपत्राने आपल्या मनाजोगे लिहावे अशी कित्येक वाचकांची अपेक्षा असते. ती रास्त नव्हे, हे कै. गोपाळ गणेश आगरकरांच्या चरित्रावरून आम्हांस स्पष्ट दिसते. १८५६ साली टेंभू येथे जन्मलेले आगरकर १८८१ त ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांची म्हणून छापलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरल्यामुळे १८८२ त त्यांना व टिळकांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे मतभेदामुळे ‘केसरी’ सोडून त्यांनी १८८८ त ‘सुधारक’ काढला. त्यातील मतांनी चिडलेल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरी १८९५ त मृत्यू येईपर्यंत ते नमले नाहीत. पिंपरीचा व्यापारी नाणे पारखून घेतो. वाचकानेही पत्रकाराजवळ पारखलेली बातमी आणि निर्भीड मत मागावे, व ते मत रुचले नाही तरी पत्र टाकू नये, अशी आमची विनंती आहे.